मावशीची अंगठी, आजीची नथ आणि माणकाचं खरं-खोटं

सोन्याचा भाव चढत चालल्यापासून आमच्या फोंड्यात शेटांच्या दुकानात नवं घेणाऱ्यांपेक्षा जुनं मोडणारे, वाढवणारे, उजळणारेच जास्त दिसतात. गेल्या चतुर्थीच्या आधी माझी मावशीही दोन वस्तू घेऊन गेली. एक माणकाची अंगठी. चार-पाच वर्षांपूर्वी पत्रिका पाहून कोणीतरी सुचवली म्हणून घेतलेली, आता बोटात शिरेना म्हणून मोठी करायची होती. दुसरी आजीची नथ. तार तुटलेली, मोत्यांच्या मधोमध एक लाल खडा.

दोन्ही वस्तू परत आल्या तेव्हा नथीतला खडा होता तसाच लखलखत होता. अंगठीतला मात्र पिठाचा हात फिरवावा तसा पांढुरका झाला होता. भिंग लावलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगाच भेगा.

मावशीचा निकाल जागच्या जागी तयार होता: शेटने खडा बदलला. शेट तीन पिढ्यांचा घरोब्याचा माणूस, तो बिचारा देवाची शपथ घेऊन सांगत होता की खडा तोच आहे. मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे भांडण माझ्या पदरात पडलं. शेवटी दोन्ही खडे तपासणीसाठी मुंबईला एका रत्नपरीक्षा प्रयोगशाळेत धाडले. अहवाल आला आणि घरात सगळेच गप्प झाले. अंगठीतला खडा जमिनीतून निघालेला, नैसर्गिक माणिक. नथीतला, आजीच्या आठवणीचा, कारखान्यात बनलेला.

म्हणजे जो ‘असली’ तो आगीत वाया गेला आणि जो ‘नकली’ तो सहीसलामत परतला. हे कोडं मावशीला समजावताना मला जे जे सांगावं लागलं, ते इथे मांडतो. आजकाल जाहिरातींत ‘लॅबमध्ये घडवलेलं रत्न’ हा शब्द रोज कानावर पडतो, त्यामुळे हा प्रश्न एकट्या मावशीचा राहिलेला नाही.

माणिक म्हणजे नक्की काय?

माणकाचं मूळ खनिज म्हणजे कुरुंद. हो, चाकू-कात्र्यांना धार लावायच्या दगडात असतो तोच कुरुंद. इंग्रजांनी त्याचं ‘कोरंडम’ केलं, पण शब्द आपल्याकडचाच. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम. रत्नशास्त्राच्या जुन्या पोथ्यांत कुरुविंद हे माणकाच्याच एका जातीचं नाव आहे.

आणि हा कुरुंद तरी काय? अॅल्युमिनियमचे दोन अणू, ऑक्सिजनचे तीन, एवढ्यावर त्याची रचना संपली. भाताच्या टोपातलं अॅल्युमिनियम घासून घासून लख्ख केलं तरी त्यावर हवेतल्या ऑक्सिजनचा एक अदृश्य पापुद्रा लगेच धरतो. त्या पापुद्र्याची आणि माणकाची जात एकच. फरक आहे तो अणू कसे रचले गेले याचा. माणकात ते इतके दाटीवाटीने आणि शिस्तीत बसलेले असतात की त्याला ओरखडा काढायचा म्हटलं तर नैसर्गिक दगडांत जवळपास फक्त हिऱ्याकडेच जावं लागतं.

१८१२ साली फ्रीडरिख मोह्स या जर्मन खनिजतज्ज्ञाने कोण कोणाला ओरखडतो यावरून दगडांना एक ते दहा क्रमांक दिले. हिरा दहा, कुरुंद नऊ. आपल्या घरातल्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात आणि गारगोटीचा क्रमांक सात. म्हणून काचेचा खडा वर्षा-दोन वर्षांत पुसून पुसून मंद होतो, माणिक होत नाही. मात्र ओरखडा न पडणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. माणिक चिऱ्यावर आपटलं तर त्याचा टवका उडू शकतो. कठीण माणसं कधीकधी ठिसूळही असतात, तसंच.

शुद्ध कुरुंदाला रंगच नसतो. तो पाण्यासारखा असतो. लोखंड आणि टायटॅनियम यांचा अंश मिसळला तर तो निळा होतो आणि त्याला आपण नीलम म्हणतो. क्रोमियमचा अंश मिसळला की तो लाल होतो, ते माणिक. नीलम आणि माणिक सख्खी भावंडं आहेत. पत्रिकेत मात्र एक शनीचं आणि दुसरं सूर्याचं. तिथे बाप-लेक असूनही त्यांचं पटत नाही म्हणतात.

चिमूटभर क्रोमियमने एवढा लाल?

शंभर अॅल्युमिनियमच्या अणूंमागे एखादा क्रोमियमचा असला तरी माणिक चांगलं गडद होतं, बहुतेकदा त्याहूनही कमी पुरतो. हा क्रोमियम अॅल्युमिनियमच्या जागेवर बसतो, पण त्याचा देह जरा मोठा. कदंबच्या बसमध्ये दोघांच्या बाकावर तिसरा अंग चोरून बसतो तशी त्याची गत. या चेपाचेपीमुळे तो प्रकाशातला हिरवा-पिवळा आणि जांभळा भाग गिळून टाकतो. उरतो लाल, आणि थोडीशी निळसर झाक.

यातली गंमत अशी, की पाचूला हिरवा रंग देणाराही बहुतेक वेळा हाच क्रोमियम. पाचूचं खनिज वेगळं, तिथलं बाक जरा सैल. चेप थोडा कमी झाला की गिळायचे रंग सरकतात आणि मागे हिरवा उरतो. तोच माणूस, बाक बदललं. मला शिकवायच्या सगळ्या धड्यांत हा भाग सर्वांत आवडतो आणि मुलं नेमकी तेव्हाच घड्याळाकडे बघतात.

माणकाची दुसरी खोड त्याहून विलक्षण आहे. गिळलेला हिरवा प्रकाश ते पचवून थांबत नाही, त्यातला काही भाग लाल करून परत बाहेर टाकतं. दुकानदाराला पन्नासची नोट द्यावी आणि त्याने वीसची परत करून तीस स्वतःकडे ठेवावेत, तसं. हिरव्या प्रकाशात ऊर्जा जास्त, लालमध्ये कमी, मधला फरक उष्णता म्हणून खड्यातच जिरतो. म्हणून चांगलं माणिक उन्हात धरलं की नुसतं लाल दिसत नाही, आतून निखारा फुंकल्यासारखं पेटतं. अंधारात उजेड देणाऱ्या माणकांच्या गोष्टी जगभर सांगितल्या गेल्या, त्यांचं बीज याच खोडीत असावं.

लोखंड या खेळात बिब्बा घालतं. खड्यात लोखंड जास्त असेल तर ही आग विझते आणि माणिक काळसर, सुस्त दिसतं.

आपली माती एवढी लाल, मग माणिक का नाही?

हा प्रश्न मावशीचाच. पावसात डिचोली-साखळीच्या रस्त्यावरून गेलेल्या कोणाच्याही मनात तो यावा. पण गोव्याचा लाल हा लोखंडाचा लाल आहे, गंजाचा भाऊबंद. खाणींनी बोटी भरभरून पाठवलं ते हेमेटाइट हे लोखंडाचं ऑक्साइड. माणकाच्या लालशी त्याचं काही नातं नाही.

नातं आहे ते दुसरीकडून. ज्या चिऱ्यांनी आपण घरं बांधतो तो जांभा तयार कसा होतो ते पाहा. हजारो पावसाळे मूळ खडकातून झिरपतात आणि त्यातली सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, हळूहळू धुऊन नेतात. मागे उरतं लोखंड आणि अॅल्युमिनियम. जिथे अॅल्युमिनियम जास्त उरतं तिथे बॉक्साइट मिळतं, आणि ते गोव्यातही आहे. म्हणजे माणकाचा मुख्य जिन्नस आपल्या पायाखाली पडलेला आहे.

स्वयंपाक मात्र झालेला नाही. असा अॅल्युमिनियमने भरलेला थर जर पृथ्वीच्या पोटात खोल गाडला गेला आणि सहा-सातशे अंशांच्या आचेवर लाखो वर्षं दाबून ठेवला गेला, तर त्याचा कुरुंद होऊ शकतो. ग्रीसच्या नाक्सोस बेटावरचा एमरी नावाचा कुरुंदी दगड अशाच भाजलेल्या बॉक्साइटचा आहे. आपला जांभा वरच्या वर, उन्हापावसात. शिजायला पातेल्यात उतरलाच नाही.

आणि नुसतं शिजूनही भागत नाही. माणिक होण्यासाठी एक वस्तू हवी असते आणि एक मुळीच नको असते. हवा क्रोमियम, नको सिलिका. सिलिका आसपास असली की अॅल्युमिनियम तिच्याशीच लग्न लावतं आणि फेल्डस्पार, अभ्रक अशी साधीसुधी खनिजं होतात. पृथ्वीच्या कवचात सिलिका जिथेतिथे आहे. त्यातून क्रोमियम राहतो सहसा एका प्रकारच्या खडकात, अॅल्युमिनियम साचतं दुसऱ्या प्रकारच्या. दोघांची गाठ पडायची, तीही सिलिका नावाची सासू घरात नसताना. माणिक दुर्मीळ आहे ते एवढ्यासाठी. त्याचे जिन्नस मौल्यवान नाहीत, योग मौल्यवान आहे.

म्यानमारमधल्या मोगोकच्या डोंगरात हा योग संगमरवरात जुळून आला. भारताची भूमी आशियावर जाऊन आदळली, हिमालय वर उठला, त्याच उलथापालथीत जुने चुनखडीचे थर दबून, भाजून संगमरवर झाले. त्या चुन्यात मिसळलेल्या चिखलमातीतून अॅल्युमिनियम आणि क्रोमियम आले. संगमरवरात लोखंड फारसं नसतं, म्हणून मोगोकची माणकं निखाऱ्यासारखी पेटतात.

यावर आमच्या स्टाफरूममध्ये एकाने हरकत घेतली, आणि ती चांगली होती: थायलंड-कंबोडियात माणकं बेसाल्टच्या प्रदेशात मिळतात, सह्याद्रीही बेसाल्टचाच, मग सत्तरीच्या डोंगरात का मिळू नयेत? उत्तर असं की थायलंडमध्येही माणिक बेसाल्टमध्ये जन्मलं नाही. ते खूप खोलवर आधीच तयार होतं आणि झपाट्याने वर आलेल्या लाव्ह्याने ते लिफ्टमधून आणावं तसं आणलं. तो लाव्हा वेगळ्या जातीचा. दख्खनचा लाव्हा दुसऱ्या जातीचा, त्याने असले प्रवासी आणले नाहीत. त्याच्या पोकळ्यांत मिळतात ते जिओलाइटचे स्फटिक, जळगाव-नाशिक-पुण्याकडचे. दिसायला देखणे, पण नखरेल आणि मऊ.

भारतात माणिक आहे ते कर्नाटकात म्हैसूरच्या आसपास आणि ओडिशातल्या कालाहांडीत. कर्नाटकातलं बहुतेक अपारदर्शक, जांभळट. पैलू पाडायचं नाही, वर घुमट ठेवून गुळगुळीत घासायचं. त्यातल्या काहींच्या आत रुटाइल नावाच्या खनिजाच्या केसाहून बारीक सुया तीन दिशांनी पसरलेल्या असतात. असा घुमटाकार खडा एकाच दिव्याखाली धरला की त्यावर सहा किरणांचा तारा सरकताना दिसतो. विजेच्या ट्यूबखाली दिसत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

पेगूची माणकं, गोव्याचा तुरुंग

गोव्यात माणिक पिकत नाही, पण खपायचं मात्र खूप. सोळाव्या शतकात ब्रह्मदेशाची माणकं पेगू बंदरातून निघत आणि त्यातली पुष्कळशी इथल्या बाजारात येत. पणजीच्या मध्यावरचं नगरपालिकेचं उद्यान ज्याच्या नावाने आहे तो गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात औषधी वनस्पतींच्या जोडीला रत्नांवरही संवाद आहेत. कारण सरळ आहे, तेव्हा माणिक हे औषधही मानलं जायचं आणि माल तर होताच.

चेझारे फेदेरिची हा व्हेनिसचा व्यापारी त्याच काळात पेगूला गेला होता. माणकांचा सौदा तिथे तोंडाने होत नसे, कापडाखाली एकमेकांच्या बोटांना स्पर्श करून किंमत ठरे, असं त्याने लिहून ठेवलं आहे. घाटावरच्या बैलबाजारात हे पाहिलेली माणसं अजून हयात असतील.

१५८३ साली काही इंग्रज होर्मुझला पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. त्यांच्यात राल्फ फिच नावाचा व्यापारी होता आणि विल्यम लीड्स नावाचा जवाहिरा. त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली ती इथल्याच एका इंग्रज पाद्र्याने, फादर थॉमस स्टीफन्सने. खड्यांच्या पसाऱ्यात रत्न झळकावं तशी भाषांमध्ये मराठी, असं पुढे ज्याने मराठीत लिहिलं तोच हा. लीड्स जवाहिरा पुढे अकबराच्या पदरी राहिला. फिच पूर्वेकडे गेला आणि आवा शहरापासून सहा दिवसांच्या वाटेवर माणकं, नीलम आणि स्पिनेल निघतात अशी नोंद त्याने केली.

स्टीफन्सची उपमा भूगर्भशास्त्राला तंतोतंत धरून आहे, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. मोगोकला माणकं मुख्यतः खडक फोडून काढत नाहीत. संगमरवर पावसात झिजून विरघळतो, माणिक झिजत नाही. ते नदीच्या खडीत, गोट्यांत जाऊन पडतं आणि जड असल्यामुळे तळाशी साचतं. पाण्याच्या चौपट वजन त्याचं, साध्या वाळूचं अडीचपटीच्या आसपास. पाखडून पाखडून खाली उरलेल्यातून ते वेचायचं. खड्यांमधलं रत्न, अगदी शब्दशः.

फिचने स्पिनेल वेगळं लिहिलं, पण राजेमहाराजांना तो भेद शेकडो वर्षं कळला नाही. स्पिनेल हे वेगळंच खनिज, बहुधा त्याच खडीत सापडणारं, तसंच लाल. आपले जुने जवाहिरे लालडी म्हणत त्यात पुष्कळदा हेच असे. ब्रिटनच्या राजमुकुटाच्या समोरच मिरवणारं ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ हे स्पिनेल निघालं. आणि आपल्याकडे ज्याला तामडा म्हणतात तो गार्नेट, आणखी तिसराच.

आता मोगोकची मक्तेदारी राहिलेली नाही. २००९ च्या सुमारास मोझांबिकमध्ये मोंतेपुएझ इथे माणकांचा मोठा साठा उजेडात आला आणि बाजाराचं तोंड आफ्रिकेकडे वळलं. १७५२ पर्यंत ज्या मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा, जिथे आपल्या कितीतरी घरांतली माणसं नोकरीला होती, तोच हा देश. कोणाच्या तरी आजोबांनी त्या मातीवरून सायकल चालवली असेल. तिथल्याच एका खड्याचं पोर्तुगीज नाव ‘एश्त्रेला द फुरा’, ५५.२२ कॅरेटचा. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला तो सुमारे ३ कोटी ४८ लाख डॉलरला गेला. कॅरेट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग, म्हणजे अकरा ग्रॅमचा तो दगड. मोगोक मात्र जुलै २०२४ मध्ये लष्कराच्या हातून बंडखोरांच्या ताब्यात गेलं होतं, त्यामुळे तिथला माल कोणाच्या बंदुकीखालून आला हा प्रश्न घेणाऱ्याने विचारायलाच हवा.

कारखान्यातलं माणिक खोटं का?

आजीच्या नथीकडे येतो. मावशीचं म्हणणं होतं की ऐंशी वर्षांपूर्वीची वस्तू, त्या काळी कोण नकली करत होतं? करत होते, मावशी. १९०२ साली ऑग्युस्त व्हेर्नुई या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने आपली पद्धत जाहीर केली आणि १९०७ पर्यंत वर्षाला हजार किलोच्या घरात कृत्रिम माणिक तयार होऊ लागलं. नीट वाचा, कॅरेट नव्हे, किलो. जुन्या दागिन्यांतले पुष्कळ लाल खडे या भट्टीतले असतात. जुनं म्हणजे खाणीतलं हा समज सोडून द्यावा लागतो.

पद्धत इतकी सुटसुटीत की हेवा वाटावा. अॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी, त्यात किंचित क्रोमियम. ती वरून चाळणीतून पिठी साखर भुरभुरावी तशी ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्वालेतून खाली सोडायची. दोन हजार अंशांवर ती वितळते, खालच्या दांडीवर थेंबाथेंबाने थिजते, आणि काही तासांत बोटाएवढा माणकाचा सुळका उभा राहतो.

हे खोटं आहे का? तो काच नाही. त्यात तेच अणू, तीच रचना, कठीणपणा नऊच. रसायनशास्त्राच्या नजरेने ते माणिकच आहे, आणि म्हणूनच ते शेटच्या आगीतून जसंच्या तसं बाहेर आलं. गोव्यात पिकलेला तांदूळ आणि दुकानातला तांदूळ दोन्ही तांदूळच, असं मी मावशीला म्हणालो तर ती म्हणाली, “खाऊन बघ, मग सांग.” तिचंही बरोबर आहे. दुर्मीळ योगाची जी किंमत आपण मोजतो, ती या खड्यात नाही. माझ्या मते ‘असली की नकली’ हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचं असं: जमिनीतलं की भट्टीतलं? आणि जमिनीतलं असेल तर त्यावर काय काय केलं आहे?

घड्याळातली माणकं काढून विकली तर?

विद्यार्थी दरवर्षी विचारतात. बाबांच्या जुन्या एचएमटीच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असं लिहिलेलं असायचं. म्हापशाच्या बाजारात एका दुरुस्तीवाल्याने मला एकदा ते उघडून दाखवलं होतं. डोळ्याला भिंग, चिमट्याच्या टोकावर गुलाबी-लाल चकती, मधोमध सुई जाईल न जाईल एवढं भोक. मी श्वास सोडला असता तर ती उडाली असती.

चाकांच्या पोलादी टोकांना फिरायला गुळगुळीत आणि न झिजणारी जागा हवी असते. माणिक त्यासाठी उत्तम. अशी भोक पाडलेली माणकं घड्याळात वापरण्याचा हक्क १७०४ मध्ये लंडनला नोंदवला गेला. त्या काळी ती खरोखर खाणीतली असायची. आपल्या घड्याळांतली सगळी भट्टीतली, आणि ती विकून चहासुद्धा मिळणार नाही.

व्हेर्नुईने माणिक स्वस्त केलं नसतं तर लेसरला कदाचित आणखी वाट पाहावी लागली असती. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमनने अमेरिकेत बोटाच्या पेराएवढी कृत्रिम माणकाची कांडी घेतली, तिच्याभोवती वळसे घातलेला फोटोच्या फ्लॅशसारखा दिवा लावला आणि जगातला पहिला लेसर पेटवला. वर सांगितलेली ती पन्नासची नोट घेऊन वीसची परत करण्याची खोड, तीच इथे कामी आली. सगळ्या क्रोमियमच्या अणूंकडून एकाच वेळी, एकाच तालात लाल प्रकाश बाहेर काढला. १९६९ साली चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून परत आलेला पहिला लेसरकिरण माणकाच्याच लेसरचा होता. हिऱ्याच्या दोन टोकांमध्ये पदार्थ चिरडून पृथ्वीच्या पोटातला दाब प्रयोगशाळेत आणतात, तेव्हाही दाब मोजायला बाजूला माणकाचा कण ठेवतात. दाब वाढला की त्याच्या लाल उजेडाची छटा सरकते.

मग अंगठीचं काय झालं?

माणिक तापवून सुधारणं ही जुनीच युक्ती, अल-बिरुनी या विद्वानाने हजार वर्षांपूर्वी तिचं वर्णन केलं आहे. तापवल्याने जांभळट झाक जाते, आतल्या सुया विरघळतात, रंग खुलतो. हे टिकाऊ असतं आणि व्यापारात मान्य आहे, फक्त सांगून विकलं पाहिजे. न तापवलेल्या चांगल्या माणकाची किंमत कितीतरी पट असते.

अंगठीतल्या खड्यावर झालं होतं ते वेगळं. गेल्या वीसेक वर्षांत भेगांनी भरलेलं, गुलाबी, जवळजवळ टाकाऊ कुरुंद शिसं मिसळलेल्या काचेने भरून काढतात. काचेचा आणि माणकाचा प्रकाश वाकवण्याचा गुण जवळजवळ सारखा केला की भेगा दिसेनाशा होतात. खिडकीच्या तडकलेल्या काचेवर पाणी ओतल्यावर तडा पुसट होतो, तोच न्याय. खडा एकदम झगमगीत, मोठा आणि स्वस्त.

शेटच्या फुंकणीची आच लागली तेव्हा ती काच मऊ पडली, आणि नंतर सोनं उजळायला तेजाबात बुडवलं तेव्हा वरवरची खाल्ली गेली. भेगा उघड्या पडल्या. यासाठी तेजाबच हवं असंही नाही, लिंबाच्या रसानेही अशा खड्याचा पृष्ठभाग खराब होतो. मावशी ती अंगठी घालून कोकमं पिळायची, सुंगटांना लिंबू चोळायची. पुढे-मागे तो तसाही गेला असता.

शेटची चूक एकच: आगीआधी भिंगाने पाहिलं नाही. खडा विकणाऱ्याची चूक मोठी. पावतीवर ‘नैसर्गिक माणिक’ एवढंच लिहिलं, आणि ते खोटंही नव्हतं.

घरच्या घरी ओळखता येईल?

दुधात टाकलं की दूध गुलाबी दिसतं, ही सर्वांत लाडकी परीक्षा. लाल काच टाका, तीही तेच करेल. काच ओरखडून पाहू नका. तामडा, स्पिनेल, भट्टीतलं माणिक सगळीच ओरखडतात. नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली माणिक लाल उजळतं हे खरं, पण भट्टीतलं सहसा जास्तच उजळतं, कारण त्यात लोखंड नसतं.

दहापट भिंग मात्र उपयोगाचं. व्हेर्नुईच्या खड्यात ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वाकड्या रेषा किंवा गोल बुडबुडे दिसू शकतात. निसर्गातल्या वाढीच्या रेषा सरळ आणि कोनात वळणाऱ्या असतात. काच भरलेल्या खड्यात भेगांपाशी चपटे बुडबुडे आणि हलवताना निळसर चमक दिसते. खडा फारच स्वच्छ, मोठा आणि स्वस्त असेल तर भिंगही नको, अक्कल पुरे.

रक्कम मोठी असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल घ्या आणि त्यातली पहिली ओळ वाचून थांबू नका. ‘नैसर्गिक’ हा शब्द वर असतो, काच भरल्याचा उल्लेख खाली बारीक अक्षरात. वजन कॅरेटमध्ये मागा. रत्ती दुकानागणिक बदलते.

राशीला कोणतं चालतं?

हे मला सांगता येणार नाही, आणि सांगणाऱ्यांबद्दल माझं मत मावशीला ठाऊक आहे. सूर्य माणकाकडे पाहतो असं रसायनशास्त्रात कुठे आढळत नाही. पण श्रद्धेने घालायचंच असेल तर वजन वाढवायच्या नादात काच घेऊ नये. त्याच पैशात छोटंसं, फक्त तापवलेलं माणिक मिळतं.

मावशीने अंगठीतला खडा काढून डबीत ठेवला आणि कोंदण रिकामं ठेवलं. नथ मात्र चतुर्थीला नाकात होती. जेवताना तिने विचारलं, “तर मग हा नथीतला खडा कुठल्या गावचा?” मी म्हटलं, बहुधा युरोपातल्या कुठल्यातरी भट्टीतला. तिने नथ चाचपली, भात कालवला आणि म्हणाली, “म्हणजे पोर्तुगीजांच्याच बोटीने आलेला. मग बरा टिकला हो.”